कशापुरतं पुरेसं

जाम, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

चि. रेवती,


तुझं पत्र आणि सोबतची टिपणं मिळाली. वरोऱ्याच्या रस्त्यावरच्या गावांत फिरून तू शेतकऱ्यांची, मजूर बायांची निवेदनं लिहून घेतलीस आणि आता ती अहवालासाठी इंग्रजीत करताना ‘पुरेसं’पाशी अडलीस. इनफ, सफिशियंट की अ‍ॅडिक्वेट, असं विचारतेस. शब्दकोशात तिन्हींपुढे एकच अर्थ दिलेला असतो, म्हणून विचारलंस ते बरं केलंस. शब्द चुकला तर तुझं काही जाणार नाही, त्या माणसांचं जाईल.

इनफ हा घरातला शब्द. जुन्या इंग्रजीतला, जर्मन गेनुगच्या गोतातला. पोटाला, झोपेला, पैशाला, सगळ्याला चालतो. ज्याच्या पानात वाढलंय तोच तो म्हणतो, आणि सोसवेनासं झालं की रागानंही तोच म्हणतो. बायांच्या तोंडच्या वाक्यांना हाच घे. सफिशियंट लॅटिनहून फ्रेंचमार्गे आला आणि कागदपत्रांत रुळला. पुरावा, कारण, मुदत अशा गोष्टींना तो शोभतो. मुदत कायद्याच्या कलम 5 मध्ये उशीर माफ करायला ‘सफिशियंट कॉज’ लागतं. तुझ्याकडचे जे दोन अर्ज मुदतीनंतर गेले, त्यांत हाच शब्द हवा, दुसरा नको.

खरा प्रश्न अ‍ॅडिक्वेटचा. ‘जमिनीचा मोबदला पुरेसा नाही’ हे वाक्य तुझ्या टिपणांत पुन्हा पुन्हा आलंय. अ‍ॅडिक्वेटच्या पोटात लॅटिनमधला ‘समान’ आहे. जे गेलं त्याच्या बरोबरीचं मिळालं का, हे तो विचारतो, म्हणून मोबदल्याला तोच लागू पडतो. पण या शब्दाचा आपल्या राज्यघटनेतला इतिहास ठाऊक असू दे. सर्वोच्च न्यायालयानं 1953 साली बेला बॅनर्जी खटल्यात सांगितलं की मोबदला म्हणजे गेलेल्या मालमत्तेची न्याय्य भरपाई. त्यावर 1955 ची चौथी घटनादुरुस्ती आली. मोबदला अ‍ॅडिक्वेट नाही, या कारणावरून कायद्याला कोर्टात आव्हान देता येणार नाही, असं तिनं ठरवलं. जमीनदारी मोडायला ते लागत होतं, हे मला मान्य आहे. पण तेच दार लहान शेतकऱ्यालाही बंद झालं. पुढे 1971 च्या पंचविसाव्या दुरुस्तीनं ‘मोबदला’ हा शब्दच काढून नुसती ‘रक्कम’ ठेवली, आणि 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला.

आणखी एक गोष्ट मला वर्षानुवर्षं टोचते. घटनेच्या कलम 39 मध्ये स्त्री-पुरुष दोघांनाही उपजीविकेचं अ‍ॅडिक्वेट साधन मिळावं असं लिहिलंय. हाच शब्द. पण ते मार्गदर्शक तत्त्व, आणि कलम 37 म्हणतं, ही तत्त्वं कोर्टाकडून अमलात आणून घेता येत नाहीत. म्हणजे घटनेतलं ‘पुरेसं’ मोजायची वेळ आली की कोर्टाचं दार तेव्हा दोन्हीकडून बंद होतं. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या नावात तर ‘फेअर’ आहे, अ‍ॅडिक्वेट नाही. म्हणून तुझ्या वाक्यात अ‍ॅडिक्वेट एकटा सोडू नकोस. एकरी किती मिळाले, आजूबाजूला जमीन काय भावानं गेली, विहीर आणि झाडं धरली की नाही, हे त्याच परिच्छेदात लिही.

तुझ्या तक्त्यात ‘अ‍ॅसेट्स’चा रकाना आहे, त्यात बैलजोडी, पंप, घर असं भरलंयस. या शब्दाचं मूळ ‘पुरेसं’ असंच आहे, बाई. इंग्रज कोर्टांच्या फ्रेंचमध्ये मयताचं देणं फेडायला पुरेल एवढी मालमत्ता म्हणजे अ‍ॅसेट्स. कर्जाशिवाय त्याला अर्थच नव्हता. तू कर्जाचा रकाना पार चौथ्या पानावर टाकलायस, तो याच्या शेजारी आण. आपल्याकडे हे जोडून वाचलं नाही तर काय होतं ते 2008 च्या कर्जमाफीत दिसलं. 2 हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याचं थकीत कर्ज पूर्ण माफ, त्यावरच्याला साधारणपणे 25 टक्के सूट, तीही उरलेलं भरल्यावर. पाच एकरांच्या वर जमीन म्हणजे पुरेशी, असा तो हिशेब. पाणी असलेल्या भागात तो चालेल. इथल्या कोरडवाहू पऱ्हाटीवाल्याकडे आठ एकर असले तरी पाऊस दडी मारून बसला की हातात काय येतं, हे तू बांधावर उभी राहून पाहिलंयस.

तुझ्या टिपणांतले ‘लो स्टँडर्ड ऑफ लिव्हिंग’ हे शब्द मात्र खोडून टाक. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा राहत, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ते चिटणीस. ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या 1945 च्या सुमाराच्या पुस्तकात त्यांनी राहणीमानाला ‘उंच’ आणि ‘खालचं’ म्हणायला हरकत घेतली. गुंतागुंतीचं आणि साधं म्हणा, असं त्यांचं सांगणं. पण उपाशी राहण्याला त्यांनी साधेपणा म्हटलं नाही. ते मूळचे हिशेबनीस. एक लाख वस्तीला धान्य, डाळ, दूध, भाजी, गूळ, कापूस किती लागेल आणि त्यासाठी किती जमीन कोणत्या पिकाखाली हवी, याचा तक्ताच त्यांनी मांडला. पुरेसं म्हणजे किती, हे सांगायची त्यांची तयारी होती. तीच तुझ्या अहवालात मला हवी आहे.

शेवटी ती वेचणीची बाई. किलोवर मजुरी, ओट्यात कापूस, बोंडाच्या टोकांनी चिरलेली बोटं, असं तू नेमकं लिहिलंयस. घरात पुरतं का, विचारल्यावर ती म्हणाली, ‘भागते नं बाई, संक्रांतीलोक भागते, मंग पाहा लागते.’ आणि तू लिहिलंस, ‘वी हॅव इनफ’. हे तिचं म्हणणं नाही. भागणं म्हणजे असलेल्यात उरकणं, कुणाच्या तरी ताटातलं कमी करून. ते कुणाच्या ताटातलं, हे तिला विचारायला हवं होतं. ‘वी मॅनेज’ त्यातल्या त्यात जवळचं, पण त्यात संक्रांत राहून जाते. तिचं वाक्य आहे तसं छाप, खाली अर्थ दे, आणि संक्रांतीनंतर काय काय ‘पाहावं’ लागतं ते महिन्यांनिशी लिही: उसनं, किराण्याची उधारी, की मुलीची शाळा.

त्यासाठी तिला पुन्हा भेटावं लागेल. उलंगवाडी होऊन वेचणी संपायच्या आत जा, मग त्या बाया कामाला कुठे जातील नेम नाही. जाताना जाम चौकातच उतर, रात्री माझ्याकडे राहा. मोबदल्याची वाक्यं आपण दोघी बसून एकेक वाचू.

तुझी,
आत्या