नेमगिरीच्या डोंगरावरील मोर

परभणी जिल्ह्यातील जिंतूर शहरापासून सुमारे ३ किलोमीटरवर नेमगिरी आणि चंद्रगिरी हे दोन डोंगर आहेत. भगवान नेमिनाथांच्या दर्शनास येणारे यात्रेकरू गुहांच्या ठेंगण्या दारांतून वाकून आत जातात, वंदना करतात आणि बहुधा लगेच परतीच्या वाटेला लागतात. ज्येष्ठ-आषाढात मात्र पहाटे थोडे लवकर यावे. त्या वेळी डोंगरउतारावरच्या झुडपांतून मोराची केका घुमत असते.

मोराचे छायाचित्र घेणे वाटते तितके सोपे नाही. निळा-हिरवा रंग पिसात भरलेला नसतोच. पिसातील रंगद्रव्य तपकिरी असते. त्याच्या सूक्ष्म रचनेवरून परतणारा प्रकाश आपल्याला निळा-हिरवा दिसतो. म्हणून सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी हवा. उजेडाकडे तोंड करून टिपलेला मोर काळपट येतो, मग कॅमेरा कितीही किमती असो! शिवाय नाचता नाचता मोर पाठ फिरवतो आणि समोर उरते ती आखूड, करडी शेपूट. खरी शेपूट तीच. पिसारा म्हणजे तिच्यावर वाढलेली लांब पिसे. मोबाइल उंचावून मागे धावणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. खडकाआड स्वस्थ बसावे. लांडोर याच दिवसांत जमिनीवर चार-सहा अंडी घालते. तिला उठवून मिळणारे चित्र न काढलेलेच बरे.

मोर १९६३ साली राष्ट्रीय पक्षी झाला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार हा गंभीर गुन्हा ठरला. तरीही पेरणीच्या दिवसांत तो मरतो, बंदुकीवाचून. बीजप्रक्रिया केलेले बियाणे विषारी असते. धुऱ्यावर सांडलेले असे दाणे टिपून मोर दगावल्याच्या घटना देशात अनेक ठिकाणी घडल्या आहेत. बियाण्याची पिशवी ज्या गल्ल्यावरून विकली जाते, तो पुष्कळदा आपल्याच बांधवांचा असतो. सांडलेले दाणे मातीआड करा, एवढे एक वाक्य पावतीबरोबर सांगण्यास काही खर्च नाही.

पावसाळा सरत आला की मोर आपला पिसारा आपणच गाळतो. दिगंबर मुनींच्या पिच्छीला अशीच गळलेली पिसे लागतात. चातुर्मासानंतर पिच्छी परिवर्तन होते, तेव्हा ती उपयोगी पडतात. त्या दिवसांत डोंगरावरचे मोर बोडके, ओळखू न येण्याजोगे हिंडतात आणि कॅमेरे घेऊन त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही.