सांगकाम्याची भाषा

आजचे युग संगणकाचे युग आहे, असे आपण भाषणात नेहमी ऐकतो. पण संगणक स्वतः हुशार नसतो बरं का! तो पक्का सांगकाम्या आहे. सांगाल तेवढेच करील, सांगाल तसेच करील. त्याला क्रमाने लिहून दिलेल्या कामांची यादी म्हणजे आज्ञावली. तिलाच प्रोग्राम म्हणतात. एसटीतल्या कंडक्टरकाकांच्या हातातले तिकिटाचे यंत्र, बँकेचे पैसे देणारे यंत्र, आपला मोबाईल, ही सगळी आज्ञावलीवरच चालतात.

आमची आजी म्हणते, "पोरीच्या जातीला कशाला गं ते कॉम्प्युटरचं खूळ?" शेजारचे काका म्हणतात, "घरात यंत्रच न्हाई, तर पोरं शिकणार कशावर?" मला वाटते, दोघांनाही एकच उत्तर देता येईल. इंग्लंडात एडा लव्हलेस नावाची एक विदुषी होऊन गेली. चार्ल्स बॅबेज यांनी एका मोठ्या गणितयंत्राचा आराखडा केला होता. त्या यंत्राकडून एक अवघड गणित कसे करून घ्यावे, त्याच्या पायऱ्या एडाने लिहिल्या. त्या 1843 साली छापून आल्या. जगातल्या अगदी पहिल्या आज्ञावल्यांत त्यांची गणना होते. आणि ते यंत्र? ते कधी पुरे झालेच नाही! म्हणजे लिहिणारी बाईच होती आणि तिच्याजवळही यंत्र नव्हते. होते ते कागद, लेखणी आणि डोके.

आपणही असेच शिकू शकतो. 1967 साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकाची भाषा तयार केली. तिच्यात एक कासव असते. आपण आज्ञा द्यायची आणि त्याने चालत चालत रेघ काढायची. हा खेळ शाळेच्या अंगणातही होतो. एकाने कासव व्हायचे, हातात खडू घ्यायचा. दुसऱ्याने सांगायचे, "5 पावले पुढे, 90 अंश उजवीकडे वळ." हेच 4 वेळा केले की चौकोन तयार!

आता त्रिकोण काढा. समभुज त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा, म्हणून 60 अंश वळायला सांगितले तर त्रिकोण मिटतच नाही. तसे 6 वेळा केले तर षटकोन होतो! असे का? कासव आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळते. पूर्ण फेरी 360 अंशांची. तिचे 3 भाग केले की 120. म्हणून त्रिकोणाला 120 अंश वळायचे. पंचकोनाला किती? तुम्हीच काढा. पुस्तकातली भूमिती अशी पायाखाली येते.

दुसरा फायदा म्हणजे नीट विचार करण्याची सवय. 'जर टाकी भरली, तर मोटर बंद. नाहीतर चालू' हीसुद्धा आज्ञावलीच. कोणतेही मोठे काम लहान पायऱ्यांत मांडता आले की ते सोपे होते.

तिसरा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो. आज्ञावली पहिल्या झटक्यात क्वचितच बरोबर येते. मग रडायचे नाही, एकेक ओळ तपासायची. अशा चुकीला इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा म्हणतात. 1947 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका संगणकात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला! चूक लपवायची नसते, शोधून काढायची असते.

मात्र मोबाईलवर गेम खेळणे म्हणजे प्रोग्राम शिकणे नव्हे. गेममध्ये दुसऱ्याच्या आज्ञेवर आपण नाचतो. प्रोग्राममध्ये आपण आज्ञा देतो. 2007 साली आलेली 'स्क्रॅच' ही मुलांची भाषा फुकट मिळते. तिच्यात रंगीत ठोकळे जोडून गोष्ट किंवा खेळ तयार करता येतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना हे शिकवावे, असे म्हटले आहे.

सगळेच काही संगणक इंजिनिअर होणार नाहीत. कुणी शेती करील, कुणी दुकान चालवील. पण नीट सांगणे आणि चूक शोधणे कुणाला नको आहे? म्हणून पालकांना माझी नम्र विनंती आहे. शाळेच्या संगणकावर मुलाची पाळी असते, तशी मुलीचीही असू द्या. त्या दिवशी तिला घरकामासाठी थांबवू नका. आणि मित्रमैत्रिणींनो, पाळी येईपर्यंत वही आहे, खडू आहे, अंगण आहे. चला, कासव कोण होणार?

— इयत्ता 7 वी