कुरुंदकर आणि आमचे मास्तर

राजकारणावर लिहिणारे लेखक आपल्या महाराष्ट्रात उदंड झाले व होत आहेत. परंतु ज्यांचा लेख वाचून संपविल्यावर वाचकास स्वतःच्याच मताविषयी थोडी काळजी वाटू लागावी, आणि तरीही लेखकाचा राग म्हणून येऊ नये, असे लेखक फार थोडे. कै. नरहर कुरुंदकर हे त्या थोड्यांपैकी एक, असे आमचे पुष्कळ वर्षांचे मत आहे. हे मत आम्ही केवळ आपल्या बुद्धीने बनविले असे म्हणण्याची सोय नाही. ते आम्हांस आमच्या मास्तरांकडून मिळाले. आणि म्हणून एकाविषयी लिहू लागले की दुसऱ्याची आठवण लेखणीस चिकटूनच येते.

तेरखेडा हे आमचे गाव धाराशिव जिल्ह्यात, सोलापुराहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. येरमाळ्याच्या येडेश्वरीस जाणाऱ्या भाविकांस ते ठाऊक असते. आणि ज्यांस देवीचे कारण पडत नाही त्यांस ते फटाक्यांमुळे ठाऊक असते, कारण फटाके करणे हा आमच्या गावचा नावाजलेला धंदा आहे. मास्तर राजकीय लेखनाचे दोनच वर्ग मानीत : सुतळी बॉम्ब आणि भुईनळा. पहिल्याने गल्लीतील कुत्री भुंकतात. दुसऱ्याने अंगणात बसलेल्या माणसांचे चेहरे दिसतात. कुरुंदकरांस ते दुसऱ्या वर्गात घालीत. (हा दृष्टान्त गावातील कारखानदारांस फारसा रुचत नसे; खप पहिल्याच मालाचा अधिक, असे त्यांचे म्हणणे. ते खरेही होते.)

मास्तरांचा जन्म 1926 सालचा. निजामी राजवटीत त्यांचे शिक्षण झाले असल्यामुळे उर्दू त्यांस मराठीइतकीच सहज येई. 1947-48 साली स्टेट काँग्रेसचा लढा चालू असता शिक्षण टाकून ते बार्शीच्या बाजूस सरहद्दीवरील एका कॅम्पात दाखल झाले, आणि 17 सप्टेंबर 1948 नंतर परत येऊन त्यांनी आयुष्यभर शिक्षकी केली. आपल्याच जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत व्यंकटेश खेडगीकर नावाचे एक मुख्याध्यापक होऊन गेले व तेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले, ही गोष्ट ते आपल्या घराण्याची हकीकत सांगावी तशी सांगत. लढ्याविषयी मात्र ते फार बोलत नसत. विचारले, तर "तुम्ही कुरुंदकर वाचा, म्हणजे आम्ही काय करीत होतो ते मलाही कळेल," असे उत्तर मिळे. कुरुंदकर त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. पण वयाने लहान मनुष्यास गुरू मानण्यात त्यांस संकोच म्हणून वाटला नाही.

कुरुंदकरांचे चरित्र आमच्या वाचकांस बहुधा परिचित असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. 15 जुलै 1932 रोजी वसमत तालुक्यातील कुरुंदे येथे त्यांचा जन्म झाला. हैदराबादेत मराठीचे प्राध्यापक असलेले मामा डॉ. नांदापूरकर यांच्या सहवासात त्यांचे शिक्षण झाले. परंतु पदव्यांशी त्यांचे सख्य उशिरानेच जमले. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते शिक्षक होते, पुढे तेथील पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व अखेर प्राचार्य झाले. 'जागर' हा त्यांचा राजकीय निबंधांचा संग्रह 1969 साली आणि 'शिवरात्र' 1970 साली निघाला. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' कादंबरीस त्यांची जी दीर्घ प्रस्तावना आहे, ती वाचण्यासाठीच ते जाड पुस्तक घरी आणणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. मनुस्मृतीवर बोलणारे, गांधी-नेहरूंवर लिहिणारे आणि तितक्याच अधिकाराने भरताच्या नाट्यशास्त्रात शिरणारे असे हे गृहस्थ नांदेडसारख्या गावी राहून सारा महाराष्ट्र हालवीत होते. मुंबई-पुण्याकडे तोंड करून बसण्याची ज्यांस सवय, त्या आम्हां मराठवाड्यातील लोकांस याचा किती धीर आला असेल, हे पुणेकरांस समजावयाचे नाही!

त्यांच्या लेखनाची खरी जादू आमच्या मते अशी. ज्या मताचे खंडन करावयाचे, ते मत ते प्रथम इतक्या नेटकेपणाने मांडतात की त्या मताचा अभिमानी वाचक सुखावून पुढे सरकतो. मग त्या मताच्या पोटात कोणती गृहीते दडली आहेत ती एकेक बाहेर काढतात. आणि वाचक जागा होतो तो स्वतःच्याच घरातील खांब मोजू लागलेला असतो. वाक्ये लहान, शब्द साधे, आवाज कोठेही चढलेला नाही. आमचे आजोबा स्नानसंध्येचे, कडक शिस्तीचे. मनुस्मृतीविषयीचे कुरुंदकरांचे विवेचन मास्तरांनी त्यांस ओसरीवर वाचून दाखविले, तेव्हा ते बराच वेळ सुपारी कातरीत बसले आणि म्हणाले, "हा मनुष्य आमचे वकीलपत्र घेऊन आमच्यावरच खटला चालवितो." रागाने नव्हे, काहीशा कौतुकानेच.

हीच रीत मास्तरांनी आमच्या घरात लावून दिली होती. आमचे कुटुंब तेव्हा बावीस माणसांचे. थोरले काका शाखेत जाणारे, धाकटे काका पक्के काँग्रेसचे. तेव्हाच्या औरंगाबादेहून निघणारे 'मराठवाडा' पत्र आले की दोघांची जुंपे. 1977 च्या निवडणुकीत प्रकरण इतके हातघाईस आले की दोघे भाऊ एका पंगतीस बसेनात आणि आमच्या आजीस वाढणे दोनदा करावे लागे. मास्तरांनी एके संध्याकाळी दोघांस समोरासमोर बसवून अट घातली : थोरल्याने इंदिराबाईंची बाजू मांडावी, धाकट्याने तुरुंगात गेलेल्यांची, ज्यास साधणार नाही त्याने आडावरून दहा घागरी पाणी आणावे. थोरल्या काकांनी इंदिराबाईंचे वकीलपत्र असे चालविले की धाकटे म्हणाले, "हे मलाही सुचले नव्हते." मते दोघांनी आपापल्या जागीच दिली. पंगत मात्र एक झाली. हल्ली आमच्या पुतण्यांच्या हातातील दूरध्वनीवर आयते आलेले मजकूर एकमेकांस फेकून मारण्याचा जो खेळ चालतो, तो पाहिला म्हणजे आम्हांस त्या दहा घागरींची आठवण होते.

परंतु या रीतीची खरी कसोटी लागली ती 1981 च्या दिवाळीत, आणि ती लावली आमच्या आक्काआजींनी.

आक्काआजी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. त्यांचे सासर सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात. गांधीजींच्या हत्येनंतर 1948 च्या फेब्रुवारीत ब्राह्मणांची घरे जळाली, त्यांत त्यांचे घर गेले. काळ असा विचित्र की त्याच वर्षी रझाकारांच्या भीतीने आमची इकडील मंडळी तेरखेडा सोडून बार्शीस राहिली होती. म्हणजे भाऊ एका आगीतून निघालेला आणि बहीण दुसऱ्या. 1949 साली यजमान गेल्यावर आक्काआजी माहेरी आल्या त्या कायमच्या. जळलेल्या घराविषयी त्या कधी चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि आम्हीही कोणी विचारले नाही.

त्या दिवाळीत मास्तरांनी 'शिवरात्र' आणले होते. गोपाळ गोडसे यांच्या 'गांधीहत्या आणि मी' या पुस्तकाचा समग्र आढावा घेणारा लेख त्यात आहे. कुरुंदकर हत्येचे समर्थन तिळमात्र मान्य करीत नाहीत. पण पुस्तकातील मुद्दे झिडकारून न देता ते एकेक हाती घेऊन तपासतात. दोन संध्याकाळी वाचन चालले. आमच्या घरात हा विषय इतक्या उघडपणे प्रथमच निघत होता; थोरले काका तर मान खाली घालून बसले होते. वाचन संपले, तेव्हा माजघराच्या दारातून आक्काआजी म्हणाल्या, "मास्तर, मारणाऱ्यांचे म्हणणे या माणसाने इतके ऐकून घेतले. आमचे घर जाळणाऱ्यांचे म्हणणे काय होते, ते कोणी लिहिले आहे का? मला ते ऐकायचे आहे."

मास्तरांस उत्तरासाठी थांबलेले आम्ही कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी पाहिले. "मी नांदेडला जाऊन त्यांनाच विचारीन," एवढेच ते म्हणाले.

तो योग यावयाचा नव्हता. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादेस गाण्याच्या एका कार्यक्रमात व्यासपीठावरच हृदयविकाराने कुरुंदकरांचे निधन झाले. वय अवघे एकोणपन्नास. मास्तर वर्तमानपत्र घेऊन आमच्याकडे आले आणि ओसरीवर न बसता तसेच उभे राहिले. आक्काआजी म्हणाल्या, "म्हणजे माझा प्रश्न राहिला."

त्या मे महिन्यात मास्तर कोणास न सांगता सातारा जिल्ह्याकडे गेले. त्या खेड्यात चार दिवस राहून, पारावरच्या म्हाताऱ्यांशी बोलून ते परत आले आणि सरळ माजघराच्या उंबऱ्याशी येऊन बसले. त्यांनी सांगितले ते असे : घरास काडी लागण्यापूर्वी कर्जखतांची पेटी अंगणात आणली गेली होती आणि ती आधी, वेगळी जाळली गेली. गांधींचे नाव सर्वांच्या तोंडी होते. पण पेटी कोठे असते हे ठाऊक असलेली माणसे पुढे होती.

आक्काआजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पेटी ह्यांची होती. व्याज काय लावीत, ते मला ठाऊक होते." आणि थोड्या वेळाने, "पण त्या रात्री पाळण्यात मूल होते, हे त्यांना सांगितलेत?"

"सांगितले."

"ऐकले त्यांनी?"

"दोघांनी ऐकले," मास्तर म्हणाले. "एक उठून गेला."