देवीला नेसवणारे हात

"वहिनी, तुम्ही राहू द्या आता. सवाष्णीनं नेसवायची असते," असं चुलतसासूबाई म्हणाल्या, तेव्हा माझ्या सासूबाईंच्या हातात ज्येष्ठेच्या साडीच्या निऱ्या होत्या. अर्ध्याच घालून झालेल्या. या गोष्टीला आता काही वर्षं झाली, पण भाद्रपद लागला की ते वाक्य जसंच्या तसं ऐकू येतं आणि तितकाच संताप होतो.

आमच्याकडे उभ्या गौरी. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि पुरणाचा नैवेद्य, मूळ नक्षत्रावर विसर्जन, हे सगळ्यांना ठाऊकच आहे. मामंजी गेले त्या वर्षी सण केला नाही. वर्षश्राद्ध झाल्यानंतरच्या पहिल्याच गौरींची ही हकिगत.

गौरींना नेसवणं हे या घरात आईंचं काम. सासूबाईंना मी आईच म्हणते. ज्यांनी नऊवारी स्टँडवर नेसवली आहे त्यांनाच त्यातली मेख कळेल. लोखंडी स्टँडला पाय नसतात, त्यामुळे कासोटा घालायचा प्रश्नच नाही. नऊ वारांचा सगळा घोळ निऱ्यांमध्ये जिरवावा लागतो. एक निरी जाड झाली की देवीचं पोट सुटल्यासारखं दिसतं. आई निऱ्या अंगठा आणि मधल्या बोटात धरून, दर वेळी काठावर काठ बसतोय ना ते बघत घालायच्या. टाचण्या अशा लावायच्या, की शोधूनही दिसू नयेत. मग ठुशी, मोहनमाळ, लक्ष्मीहार, बाजूबंद आणि सगळ्यात शेवटी मेणानं बसवलेली नथ. नथ बसली की दोन पावलं मागे सरून त्या देवीकडे बघत. त्यांची पूजा मला तरी तेवढीच वाटायची. पोथी, आरती हे नंतरचं.

तर त्या दिवशी काकू तसं म्हणाल्या आणि आईंनी निऱ्या सोडून दिल्या. रेशमी साडी, सरकन सुटली. आई काही बोलल्या नाहीत, उठून दारापाशी जाऊन बसल्या. मी बोलले. म्हटलं, काकू, कालपर्यंत हे हात चालत होते, मग आज काय झालं? "शास्त्र आहे गं," एवढंच उत्तर. मग काकूंनी स्वतः खटपट केली, माझ्या जावेनं केली. काठ जुळेना, पदर एका अंगाला लोंबायला लागला. शेवटी आईंनाच विचारायची वेळ आली. आणि त्या तिथून, दारातून सांगत राहिल्या, आधी कंबरेला दोरी आवळ, आता घोळ डावीकडे घे, निरी लहान कर. त्यांनी सांगायचं, दुसरीनं करायचं. त्यांचे शब्द देवीला चालत होते, बोटं तेवढी चालत नव्हती. आरतीच्या आधी आई आत गेल्या आणि अंगावरचं हिरवं इरकल बदलून फिकं पातळ नेसून आल्या. ते इरकल मीच आग्रहानं नेसायला लावलं होतं.

काकू दुष्ट नाहीत. मामंजींच्या आजारपणात त्यांनी दवाखान्यात रात्री जागून काढल्या आहेत. म्हणूनच हे जास्त झोंबतं. इतक्या मायेच्या बाईच्या तोंडून ते वाक्य सहज येतं, कारण तिला ते वाईट वाटतच नाही.

मला स्वतःला नटायला आवडतं. गौरीपूजनाला मी पैठणी, नथ, गजरा, सगळा थाट करते. माझी श्रद्धा आहे आणि सणाला अंगावर चांगलं घालणं हा त्या श्रद्धेचाच भाग मी मानते. पण नवरा गेला की बाईचा शृंगार जातो, एवढ्यावर हे थांबत नाही. देवीला शृंगार करायचा हक्कही जातो. पहिल्याबद्दल निदान बोललं जातं. दुसऱ्याकडे कुणाचं लक्षच नाही. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ती बातमी मी आईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "ठराव ग्रामपंचायतीत होतो गं. स्वयंपाकघरात कोण करणार?"

मी करायचं ठरवलं. पुढच्या गौरींना घरात सगळ्यांना आधीच सांगून टाकलं, की नेसवतील तर आईच. काकूसुद्धा गप्प बसल्या. आणि आईच नको म्हणाल्या. "मन धजत नाही. काही वेडंवाकडं झालं तर मलाच लागून राहील." काकूंवर आला नव्हता एवढा राग त्या दिवशी मला आईंचा आला.

मग त्यांनीच वाट काढली. आवाहनाच्या आदल्या रात्री, जेवणं उरकल्यावर, त्या दोन्ही साड्या पलंगावर पसरतात, निऱ्या घालतात, इस्त्री फिरवतात आणि पिना लावून घडी माझ्या हातात देतात. त्यांच्या मते तोवर ती नुसती साडी असते, त्यामुळे दोष नाही. दुसऱ्या दिवशी मी फक्त स्टँडला गुंडाळते. बघायला आलेल्या बायका नेसणीचं कौतुक करतात, तेव्हा मी प्रत्येकीला सांगते, हे आईंचं काम आहे. आई आतून ऐकतात. ही माघार म्हणायची की त्यांनी आपली सेवा राखली म्हणायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही. कधी कधी वाटतं, मी कोण त्यांच्या मनाला घाई करणारी? दुसऱ्या क्षणी वाटतं, ही भीती त्यांच्या मनात घातली कुणी?

हळदीकुंकवाच्या बाबतीत मात्र मी मागे हटलेले नाही. आमच्याकडचं बोलावणं आळीतल्या सगळ्या बायकांना असतं, नवरा असलेल्या, नसलेल्या, लग्न न केलेल्या. तुमच्या घरी गौरी बसत असतील तर तुम्हीही असं करून बघा. एखादीला कुंकू नको असेल तर तिनं नको म्हणावं, तो तिचा अधिकार. पण करंडा तिच्यापुढे धरला गेलाच पाहिजे.