बुट्टींचा वाडा, आजीची पोथी आणि अब्दुलबाबांची वही



शिर्डीला कोणी इतिहासासाठी जात नाही. आम्हीही गेलो नव्हतो. दिवाळीच्या सुट्टीत आजीला दर्शन हवे होते, वडिलांना लांबवर गाडी चालवायची हौस होती आणि धाकट्या भावाला कुठेही चालले असते. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून वाटाड्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले.

सुरुवात नगर-मनमाड रस्त्यालगतच्या खंडोबाच्या देवळापासून केली. धूपखेड्याच्या चांद पाटलांच्या वऱ्हाडाबरोबर आलेल्या तरुण फकिराला पुजारी म्हाळसापतींनी ‘आओ साई’ म्हणून हाक दिली ती इथे, अशी परंपरा आहे. ‘परंपरा’ या शब्दावर मी जरा अधिकच जोर दिला. बाबांचे जन्मसाल, जन्मगाव, आईवडील यांपैकी कशाचाही समकालीन पुरावा नाही, हेही सांगून टाकले. आजीने पदर सावरला आणि द्वारकामाई येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

द्वारकामाई ही मूळची पडकी मशीद. नाव हिंदू, वास्तू मुसलमानी, आत अखंड पेटती धुनी. कोपरगावच्या गोपाळराव गुंडांनी १८९७ साली इथे उरूस सुरू केला. कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्कर यांनी त्यात संदलाची मिरवणूक आणली, आणि १९१२ पासून त्याच दिवशी रामनवमीचा जन्मोत्सवही होऊ लागला. एका गावाने एकाच दिवशी दोन सण साजरे केले आणि दोन्ही टिकवले. हे मी सांगत होते तेव्हा भाऊ प्रसादाच्या लाडवांची चौकशी करत होता.

मग समाधिमंदिराची रांग. ती अडीच तासांची निघाली, आणि खरा इतिहास तिथेच झाला.

ज्याला आपण समाधिमंदिर म्हणतो, ती इमारत साईबाबांसाठी बांधलेलीच नव्हती. नागपूरचे धनाढ्य गोपाळराव बुट्टी यांचा हा वाडा, आणि त्याच्या मध्यभागी मुरलीधराची मूर्ती बसवण्याचे ठरले होते. १५ ऑक्टोबर १९१८, मंगळवार, विजयादशमीच्या दुपारी साईबाबांनी देह ठेवला. मोहरमचेही दिवस तेच, आणि मुंबई इलाख्यात इन्फ्लुएंझाची साथ ऐन भरात होती. दफन मोकळ्या जागेत करून वर कबर बांधावी, असे एका पक्षाचे म्हणणे होते; दुसऱ्याला वाडाच हवा होता. वाद दुसऱ्या दिवशीही मिटला नाही.

मी नाट्यमय विराम घेतला. ‘‘आणि मग काय झाले असेल?’’

‘‘कोपरगावचे मामलेदार आले, त्यांनी लोकांची मते घेतली,’’ आजी पुढच्या बाईच्या खांद्यावरून मंदिराच्या कळसाकडे पाहत म्हणाली. ‘‘वाड्याच्या बाजूने दुप्पट पडली. तरी कलेक्टरला विचारायचे म्हणून काकासाहेब दीक्षित नगरला निघाले होते. तेवढ्यात सगळ्यांचे एकमत झाले आणि बुधवारी संध्याकाळी बाबांना मुरलीधराच्या जागी ठेवले. पोथीत आहे हे.’’

पोथी म्हणजे ‘श्रीसाईसच्चरित’. कर्ते गोविंद रघुनाथ दाभोलकर, बाबांनी ठेवलेले नाव हेमाडपंत. हा मनुष्य सरकारी नोकरीत वांद्र्याला मॅजिस्ट्रेट होता. ओवीबद्ध चरित्र म्हणून आम्ही वर्गात अशा ग्रंथांना ‘श्रद्धापर साहित्य’ म्हणून बाजूला ठेवतो. आजीने तो ग्रंथ दर गुरुवारी वाचला आहे. गावात पडलेल्या फुटीची गोष्ट तिच्या पोथीने लपवली नव्हती. मी ती फक्त नव्या पुस्तकांत वाचून शोध लावल्याच्या थाटात सांगत होते.

आता माझी पाळी होती. मी तिला अब्दुलबाबांविषयी सांगितले. नांदेडहून आलेला हा फकीर साईबाबांच्या सेवेत राहिला आणि त्यांच्या पश्चात वर्षानुवर्षे या समाधीची देखभाल करत होता. तेव्हा इथे संगमरवरी मूर्ती नव्हती. समाधी आणि तसबीर, एवढेच. १९५४च्या एप्रिलमध्ये अब्दुलबाबा वारले आणि त्याच वर्षीच्या विजयादशमीला बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली मूर्ती बसली. अब्दुलबाबांची एक उर्दू वही मागे राहिली आहे. बाबांपुढे कुराण वाचताना बाबा जे बोलत, ते त्यांनी तिच्यात टिपून ठेवले होते. मेरियन वॉरेन यांनी आपल्या ग्रंथात तिचे इंग्रजी भाषांतर दिले आहे.

‘‘हे पोथीत नाही,’’ आजी म्हणाली. मग थोड्या वेळाने, ‘‘त्यांची समाधी कुठे आहे?’’

लेंडीबागेजवळ. दर्शन झाल्यावर आम्ही तिकडे गेलो. तिथे रांग नव्हती. मंदिरात मिळालेले गुलाबाचे फूल आजीने प्रसाद म्हणून ओटीत ठेवले होते; ते काढून तिने तिथे वाहिले.

‘‘वहीत काय लिहिलंय, वाचून दाखवशील?’’

मला उर्दू येत नाही, हे तिला सांगावे लागले. ‘‘मग पुरावा पुरावा काय करतेस,’’ ती म्हणाली आणि भावाचा हात धरून लाडवांच्या खिडकीकडे चालू लागली.

गेल्या महिन्यापासून मी उर्दू शिकते आहे. अजून अक्षरे जोडण्यावरच आहे.