सोमवारी रात्री काय करायचे?

स्वयंपाक करण्याचे कष्ट मोठे की स्वयंपाक ठरविण्याचे, असे कोणी मला विचारले तर मी ठरविण्याच्या बाजूने हात वर करीन. शुक्रवारचे काही वाटत नाही. शाब्बाथचा बेत आपल्या आया-आज्यांनीच ठरवून ठेवला आहे. सणावारांचेही तसेच. खरा पेच आहे तो रविवार ते गुरुवार ह्या पाच रात्रींचा. कोणी पाहुणा नाही, कसला प्रसंग नाही, अंगात त्राण नाही, आणि सहा माणसे जेवायला येणार. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. आता घरोघरी गॅस आले, पण पेच तोच आहे. म्हणून वाटले, वाचक भगिनींशी (आणि स्वयंपाकघरात डोकावणाऱ्या बंधूंशीही) ह्या विषयावर चार शब्द बोलावे.

आम्ही १९७१ मध्ये मुंबईहून आलो, तेव्हापासून दिमोनात आहोत. मुलगा जवळच्याच शिकूनमध्ये राहतो. तो आणि सूनबाई दोघेही नोकरी करतात, म्हणून रात्रीचे जेवण पाचही दिवस आमच्याकडे. माणसे सहा आणि तोंडे सहा तऱ्हेची. यजमानांना भात पोटात गेल्याशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, आणि मधुमेहामुळे डॉक्टरांनी नेमके भातावरच बोट ठेवले आहे. मुलगा साडेसातला येतो तो भुकेने कावलेला. नातू सोळा वर्षांचा. श्नित्सेल आणि पतितीम ताटात दिसले की त्याला आणखी काही नको. नात बारा वर्षांची. तिने गेल्या वर्षापासून मांस आणि मासे दोन्ही सोडले, प्राण्यांची दया येते म्हणते. सूनबाई मोरोक्कन घराण्यातली, हाताला चव असलेली, पण तिच्या माहेरी रात्री चूल पेटविण्याची फारशी चाल नाही. राहिले मी. मला विचाराल तर जे दुसऱ्या कोणी रांधले असेल ते मला आवडते.

दुपारी चार वाजता मी नातवाला फोन करते. प्रश्न एकच. “दुपारी काय खाल्ले? बसारी की खालावी?” हे कळल्याशिवाय रात्रीचे काहीच ठरत नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये ही आज्ञा तोरात तीनदा आली आहे आणि आमच्या घरी मांसानंतर सहा तास दूध वर्ज्य. मुलांनी दोन वाजता कोंबडी खाल्ली तर रात्री आठपर्यंत दही नाही, लेबन नाही, कॉटेज नाही. आम्ही जेवायला बसतो साडेसातला. ह्या देशात रात्रीचे जेवण म्हणजे सॅलड, अंडे, पांढरे चीज आणि पाव. त्यातले अर्धे असे दुपारीच बाद होऊन जाते.

गेल्या हिवाळ्यात सूनबाई म्हणाली, “आई, रोज रात्री शिजवता कशाला? तुमचे गुडघे दुखतात. ज्याला भूक लागेल तो फ्रिज उघडील, अंडे तळून घेईल.” लग्नानंतर तिने शिकलेला पहिला मराठी शब्द म्हणजे ‘आई’, बाकीचे सगळे ती हिब्रूत बोलली. तिच्या बोलण्यात काळजी होती, टोमणा नव्हता. मुलानेही मान डोलावली. यजमान गप्प बसले, पण त्यांचा चेहरा मी पाहिला. रात्री पडल्या पडल्या विचार करीत राहिले. गुडघे दुखतात हे खरे. पण सहा जणांनी सहा वेळा फ्रिज उघडला तर सहा जणांनी एकत्र बसायचे केव्हा? आणि आज माझ्या गुडघ्यांसाठी जे बंद होईल, ते माझ्यानंतर पुन्हा सुरू कोण करणार?

तेव्हा मला माहेरची आठवण झाली. माझे माहेर अलिबागजवळच्या एका खेड्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात. आमच्या आईने सोमवारी रात्री कधी मटण शिजविल्याचे मला आठवत नाही. शिजविणार कशी? कोंबडी कापायला हजान हवा. मग मांस अर्धा तास पाण्यात भिजवायचे, तासभर मीठ लावून निथळत ठेवायचे, पुन्हा धुवायचे, आणि त्यानंतर चुलीवर. आज इस्राएलमध्ये कोशेर केलेले मांस दुकानातून पिशवीत येते, म्हणून हे कष्ट आपण विसरलो. तेव्हा मटण-कोंबडी शाब्बाथला, सणाला, नाहीतर जावई आला तर. एरवीच्या रात्री काय असे? भात आणि माशाचे कालवण. पंख आणि खवले असलेलाच मासा. कोलंबी आणि खेकडे शेजारच्यांच्या घरी. मासा नसला तर मसुराची आमटी, वालाचे बिरडे, अंड्याचे कालवण, एखादी भाजी. दिवेलागणीला चूल पेटली की भात शिजेपर्यंत कालवण तयार होत असे.

आणि ह्या सगळ्यात गाईचे दूध कुठे होते? कुठेच नाही. आपल्या लोकांनी कोकणातला नारळ फोडला, खवला, पिळला आणि त्याच्या दुधात सगळे शिजविले. ज्याला आज आपण पार्वे म्हणतो तसे हे जेवण मुळातच होते. दुपारी मांस खाल्लेले असो की दही, रात्री हे ताट बिनदिक्कत वाढता येते. चार वाजताच्या माझ्या फोनचे उत्तर आईच्या चुलीवर तयारच होते.

आपल्या मुलांना मात्र आपण काय दाखवितो? मलिद्याचे ताट, नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा, पुऱ्या, शाब्बाथचा मटणाचा रस्सा. मुले आवडीने खातात आणि मनात ठरवून टाकतात की आजीचे जेवण म्हणजे दिवसभराचा खटाटोप, तळण आणि तूप-साखर नाही तरी तेल-साखर. मग स्वतःचे घर मांडले की ती म्हणतात, “छान आहे, पण आम्हाला वेळ कुठे आहे?” मेजवानीचे अन्न वर्षातून चार वेळा होते. जे चार वेळाच होते ते आठवणीत राहते, हातात राहत नाही. हातात राहते ते सोमवारचे.

आम्ही आलो त्या काळी हे सोमवारचे जेवण टिकविणे सोपे नव्हते. मी कापडगिरणीत पाळीने काम करीत होते. नारळ दिसत नसे. केकसाठी मिळणारा सुका कोकोस गरम पाण्यात भिजवून मी फडक्यातून पिळत असे. कोथिंबीर मात्र तेमानी शेजारणीच्या कृपेने मिळाली. तिने कुस्बरा दिला, वर आपल्या सखुगची चवही दाखविली. कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण. मी म्हटले, अगं, हे तर आमचे हिरवे वाटणच! पतितीमची ओळखही तेव्हाचीच. पन्नाशीच्या दशकात तांदळाची टंचाई होती, तेव्हा बेन गुरिऑन यांच्या सांगण्यावरून गव्हाचे हे दाणे निघाले. म्हणून जुने लोक त्यांना बेन गुरिऑनचा तांदूळ म्हणत. यजमानांनी पहिल्यांदा खाल्ले तेव्हा एवढेच म्हणाले, “नाव तांदळाचे घेतले म्हणून भात होत नाही.” आता त्यांचाच नातू त्याच दाण्यांसाठी ताट पुढे करतो. आता नारळाचे दूध डब्यात मिळते, भारतीय दुकानात वाल मिळतात, चिंच मिळते. अडचण राहिली ती ठरविण्याची.

म्हणून मी सूनबाईला बोलावले, चहा केला आणि दोघींनी मिळून आठवडा वाटून घेतला. रविवार आणि मंगळवार तिचे. त्या रात्री तिची शक्शुका, सॅलड, भाजलेले वांगे, पाव. मी हात लावीत नाही. सोमवार, बुधवार, गुरुवार माझे. अट एकच, आणि तीही तिचीच: अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ मी गॅसजवळ उभे राहायचे नाही.

रविवारी सकाळी मी बाटलीभर हिरवे वाटण करून फ्रिजमध्ये ठेवते. सोमवारी माशाचे कालवण. हिब्रूत ज्याला बुरी म्हणतात तो आपला बोय; तो मिळाला तर उत्तम, नाहीतर फ्रीझरमधला कोणताही कोशेर मासा. तेलात वाटण परतायचे, हळद घालायची, नारळाचे दूध आणि पाणी, चिंचेचा कोळ, बटाट्याच्या पातळ फोडी. बटाटा शिजला की नातीसाठी दोन वाट्या वेगळ्या काढते आणि मगच मासा सोडते. एकाच भांड्यात दोघांची सोय. बुधवारी बिरडे. वाल सोमवारी रात्री भिजत घालायचे, मंगळवारी फडक्यात बांधायचे, बुधवारी मोड आलेले सोलायचे. सोलायला नात आणि यजमान बसतात. एकदा भरपूर सोलून फ्रीझरमध्ये टाकले की पुढचे दोन बुधवार बिनघोर. नसलेच तर अंड्याचे कालवण. यजमानांना वाटीभर भात आणि बिरडे हवे तितके. पोट भरते आणि डॉक्टरांचा शब्दही राहतो. गुरुवारी शाब्बाथची खरेदी आणि साफसफाई, म्हणून खिचडी. त्या दुपारी सूनबाई मुलांसाठी पास्ता ठेवते, त्यामुळे रात्री खिचडीबरोबर दही चालते. आमच्या जिन्यातली इराकी शेजारीण ऐकून हसली. त्यांच्याकडेही गुरुवारी खिचडीच असते, मसुराची, आणि नावही जवळजवळ तेच, किच्री. बगदादची आणि अलिबागची बाई एकाच रात्री एकच पातेले चढवितात, हे दिमोनात येऊन कळले.

पुरिमनंतरच्या एका सोमवारी माझ्या गुडघ्याने अगदीच असहकार पुकारला. मुलगा लवकर आला होता. म्हणाला, “आई, तू खुर्चीवर बस आणि सांग. मी करतो.” पन्नाशी उलटलेला माझा मुलगा पहिल्यांदा कालवणाला उभा राहिला. मी सांगत होते, तो करीत होता. चिंच जरा जास्त पडली, मासा थोडा मोडला. पण वेळ लागला पंचवीस मिनिटे. पानावर बसल्यावर यजमान म्हणाले, “आंबट झाले आहे,” आणि पुन्हा भात मागितला. त्या दिवसापासून सोमवार मुलाचा झाला. सूनबाई शेजारी उभी राहून पाहते. तिने आता त्यात आपले जिरे घालायला सुरुवात केली आहे. मला ते चालते. माझ्या सासूबाई माझगावच्या; त्यांचे कालवण माझ्या आईच्या कालवणासारखे कुठे होते?

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आमच्या नातवाला मराठी येत नाही. त्याच्याशी कोणी मराठीत बोलू लागले तर तो खांदे उडवितो. पण एका रात्री मी जेवताना मुद्दाम मोजले. वाढ. बस. अजून. तिखट. आंबट. गार झाले. मीठ दे. रस्सा. थोडासा. पुरे. असे पंधराएक शब्द तो बोलून गेला, आणि आपण मराठी बोलतो आहोत हे त्याला माहीतही नव्हते. हे शब्द कोणी शिकविले नाहीत. ते ताटाबरोबर वाढले गेले. जो फ्रिज उघडून उभ्याउभ्या खातो, त्याला ‘वाढ’ म्हणायला समोर कोणी नसते.

आपल्या पूर्वजांना पंचांग हाताशी नव्हते, पण चूल होती. त्यांनी दिवसांची नावेही चुलीवरून ठेवली: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. बिरड्यासारखे सोमवार-बुधवारचे साधे पान एका रोजाला आपले नाव देऊन गेले, ह्यावरून त्याची योग्यता समजावी.

तेव्हा भगिनींनो, माझी एक विनंती आहे. मलिदा आणि हलवा पुष्कळांनी लिहून ठेवले आहेत. तुम्ही कागद घ्या आणि तुमच्या आईच्या साध्या रात्रींचे तीन पदार्थ लिहा, जे अर्ध्या तासात होत होते. त्यातला एक ह्याच आठवड्यात करा, आणि करताना मुलाला किंवा सुनेला जवळ उभे करा, खुर्चीवर बसून सांगावे लागले तरी चालेल. मीठ कमी पडले तर पानावर मागून घेता येते. आणि मागताना ते मराठीत मागितले जाईल.