एलीया आधी झोपला

लाँग वीकेंडला कुठे चाललास, असं ऑफिसात कुणी विचारलं आणि मी ‘नाशिकला, बायबल अभ्यासाच्या शिबिराला’ असं सांगितलं, की समोरचा जरा गोंधळतो. सुट्टीत अभ्यास? तोही पैसे भरून? आमच्या घरात मात्र यात काही विशेष नाही. आई-पप्पांनी तरुणपणी अशी शिबिरं केलीत. त्यांच्या ओळखीतली दोन लग्नंही शिबिरातच जमली, त्यामुळे मी बॅग भरायला लागलो की घरातले उगाच हसतात.

यंदा २६ जानेवारीला जोडून तीन दिवस मिळाले. गंगापूर रोडच्या पुढे भाड्याने घेतलेलं एक मोठं घर आणि आम्ही चोवीस जण. नर्स, बँकेच्या परीक्षा देणारे, दोन शिक्षिका आणि पुण्याहून गेलेले आम्ही पाच आयटीवाले. सकाळी साडेसहाला ‘शांत वेळ’, म्हणजे नाशिकच्या थंडीत शाल गुंडाळून एकट्याने वाचायचं आणि प्रार्थना करायची. मग पोहे, गटात अभ्यास, दुपारी भटकंती, रात्री पेटी-ढोलकीवर गाणी. फोन दिवसभर एका मोठ्या पातेल्यात. कामांच्या चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा माझ्या वाट्याला चपात्या लाटणं आलं. माझ्या चपात्यांचे नकाशे बघून मावशींनी दुसऱ्याच दिवशी माझी बदली भांड्यांवर केली.

पहिल्या दुपारी आम्ही शरणपूरला गेलो. शरणपूर रोड म्हटलं की आज दुकानं आणि ट्रॅफिक आठवतं. पण १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने तिथे ख्रिस्ती वस्ती वसवली होती. अरबी समुद्रातल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही मुंबईहून तिथल्या शाळेत आली. ती शिकली, सुतारकाम-लोहारकाम करू लागली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचा मृतदेह सोबत्यांनी कित्येक महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला. त्या सोबत्यांत नाशिकमध्ये शिकलेला वेनराइट होता. पुढे तो मृतदेहाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८७४मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीला हजर राहिला. घरापासून तोडलेल्या पोरांना गावाचं नावच ‘शरण’ देणारं मिळालं, हे ऐकून आमच्यातली एक नर्स बराच वेळ गप्प होती.

नाशिकजवळच्याच जलालपूरमध्ये १८६८साली लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म झाला. ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही वाचलं असेल. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंना नवऱ्याचा धर्म नको होता. पुढे त्यांच्या मनातून जातिभेद गेला आणि त्या कुणाच्याही हातचं खायला-प्यायला तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९००साली. आधी पाणी, मग धर्म. सहभागिता हा आमच्याकडे चर्चमध्ये सारखा वापरला जाणारा शब्द, पण त्याची सुरुवात ताटापासून होते हे मला त्यांच्यामुळे कळलं.

दुसऱ्या दिवशी अभ्यासाला एलीया संदेष्टा होता. १ राजे, अध्याय १९. गटात वाचायची आमची पद्धत साधी आहे: आधी फक्त काय दिसतं ते सांगायचं, मग अर्थ, शेवटी तो आपल्याला कुठे लागतो ते. आयटीवाल्यांना हे ओळखीचं वाटतं. लॉग न वाचता थेट कारण सांगणाऱ्यावर आपण सगळेच वैतागतो.

गोष्ट थोडक्यात अशी. कर्मेल डोंगरावर एलीया मोठा विजय मिळवतो. लगेच ईजबेल राणी त्याला ठार मारायची धमकी देते आणि तो पळतो. वाटेत चाकराला मागे ठेवतो, एकटाच रानात शिरतो, एका झुडपाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत येऊन उठवतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, पाण्याचं भांडं. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत पुन्हा उठवून खायला लावतो. ‘तू इथे काय करतोस’ हा देवाचा प्रश्न त्याला थेट होरेब डोंगरावर, चाळीस दिवस चालून गेल्यानंतर येतो.

‘काय दिसतं?’ दादांनी विचारलं. माझा कॉलेजचा रूममेट म्हणाला, ‘तो चाकराला मागे ठेवतो. मरायची इच्छा त्याने कुणालाच सांगितलेली नाही.’ मग थांबून म्हणाला, ‘माझी नोकरी ऑक्टोबरमध्ये गेली. घरी माहीत नाही. रोज लॅपटॉपची बॅग घेऊन अभ्यासिकेत जाऊन बसतो.’

मी त्याच्या शेजारी बसलो होतो. आदल्या रात्री आम्ही एका चादरीवर झोपलो होतो आणि मला काहीच माहीत नव्हतं.

आमच्याकडे ‘साक्ष’ देण्याची पद्धत आहे. आजारी होतो, प्रार्थना केली, बरा झालो. साक्षीला शेवट असतो, आणि बहुतेक वेळा गोड. त्याच्या गोष्टीला शेवट नव्हता. एकाने लगेच ‘रेझ्युमे पाठव’ म्हटलं, दुसरी ‘देवाची काहीतरी योजना असेल’ म्हणाली. दोघांचं मन चांगलं होतं, तरी तो अजूनच आक्रसला. दादांनी हात वर केला. ‘देवदूताने सल्ला दिला नव्हता,’ एवढंच बोलले आणि अभ्यास तिथेच थांबवला. मावशींनी त्याला हाक मारली, ‘ये रे बाळा, कांदा चिरून दे.’ जेवल्यावर तो दुपारभर झोपला. कुणी उठवलं नाही.

संध्याकाळी पातेल्यातून फोन काढून तो गच्चीवर गेला आणि वडिलांशी बोलला. खाली आल्यावर म्हणाला, ‘पप्पा म्हणाले, बॅग कशाला वाहत होतास इतके दिवस?’

देवाने त्याला लगेच नोकरी दिली, असं लिहिता आलं असतं तर ही छान साक्ष झाली असती. तो अजून इंटरव्ह्यू देतोय. ताण घालवायला बीच आणि हॉटेल चांगलंच, मीही जातो. पण तिथे कुणाला काही न सांगता चार दिवस काढून परत येता येतं. शिबिरात तसं निभत नाही, कारण भांडी घासताना शेजारी कुणीतरी असतंच.

आता दर गुरुवारी आम्ही पाच जण पुण्यात त्याच्या खोलीवर जमतो. मार्ककृत शुभवर्तमान चालू आहे, पण आधी जेवण. पुढच्या गुरुवारी भाजी माझ्याकडे आहे. चपात्या विकत आणायच्या, असं एकमताने ठरलंय.